अर्धा सूर खाली

तिबो गारिगच्या हाताखाली वाजवायचं म्हणजे मानेवर सुरी ठेवून वाजवायचं, असं त्याच्या गायक-वादक मंडळीतले सगळेच म्हणत, आणि तरी बावीस वर्षांत सोडून मात्र कुणी गेलं नव्हतं. तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत त्या काळी जसं वाजे तसंच वाजलं पाहिजे, हा त्याचा हट्ट. एका मुरकीवरून त्याने तासभर तालीम थांबवली होती. एका सनावरून जुन्या गुरुबंधूशी तीन वर्षं अबोला धरला होता. सन तिबोचाच बरोबर होता, हे वेगळं सांगायला नको.

त्यामुळे जानेवारीत त्याने जाहीर केलं की उन्हाळ्यातल्या कार्यक्रमाचं स्तोत्र आपण नेहमीच्या पट्टीहून अर्धा सूर खाली वाजवायचं, कारण ते मुळात तसंच वाजत असे, तेव्हा सोलांजला त्यात काही वावगं वाटलं नाही. सोलांज मंडळीतली मुख्य गायिका. बाकीच्यांनी मात्र आकाशपाताळ एक केलं. व्हायोलिनवाल्यांना जनावरांच्या आतड्यापासून केलेल्या जाड तारा चढवाव्या लागल्या. बासरीची पट्टी तर उतरवताच येत नाही, बासरीच बदलावी लागते. ओदिलने अठरा वर्षांची आपली लाकडी बासरी पेटीत ठेवली आणि कुठून तरी एक लांबलचक बासरी उसनी आणली. तिची बोटं आखूड. भोकांपर्यंत पोचता पोचता अंगठा सुजला, तो फडक्यात गुंडाळून ती तालमीला येई.

"तुझ्या त्या तीनशे वर्षांपूर्वीच्या लोकांची बोटं काय वीतभर होती का रे?" ती तिबोला विचारायची.

"बोटं तुझ्याएवढीच होती. कुरकुर कमी होती," तिबो म्हणायचा.

सोलांज गालातल्या गालात हसायची. तिला हसण्याची गरजच होती. आदल्या शरदात तिच्या गळ्यातली गाठ काढली होती. डॉक्टर म्हणाले, सगळं उत्तम झालं. बोलणं परतलं, गाणंही परतलं, फक्त वरचा एक सूर परतला नाही. तिथे पोचलं की आवाज फाटायचा. डिसेंबरच्या तालमीत तो फाटला तेव्हा तिने सर्दीचं निमित्त सांगितलं, आणि सगळ्यांनी मान डोलावली. सत्तेचाळिसाव्या वर्षी गायिकेने घशाचं दुखणं बोलून दाखवलं की बोलावणी कशी आटतात, हे तिने दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं. तिबोचा हट्ट आपल्या पथ्यावर पडला हे मात्र तिला कळत होतं, आणि ती नशिबाचे आभार मानत होती. अर्धा सूर खालीसुद्धा तो स्वर कधी लागायचा, कधी नाही. तिने मनाशी ठरवलं होतं की जुलैत, फ्रान्सच्या सीमेवरच्या आल्सास प्रांतात, स्तोत्र जिथलं त्या गावच्या चर्चमध्ये, स्तोत्राच्या शेवटी तो लागला तर राहायचं. फाटला तर त्याच दिवशी मंडळी सोडायची. दुसऱ्याची जागा अडवून बसायचं नाही.

रविवारी दुपारी चर्च भरलं होतं. शेवटचं कडवं आलं. तिने श्वास घेतला, आणि स्वर लागला, अगदी सरळ आणि भरलेला. तिने डॉक्टरांचे आभार मानले, कुमारी मरियेचे मानले, स्तोत्र लिहिणाऱ्या त्या जुन्या गायनमास्तरांचेही मानले.

नंतर रिवाजाप्रमाणे सगळे अंगणात लिंडनच्या झाडांखाली जमले. गावातल्या बायकांनी बदामाचा केक आणला होता, पांढरी वाइन होती, आणि श्रोत्यांचे प्रश्न होते. निवृत्त शिक्षक केसलर वही घेऊन उभे राहिले.

"गारिगसाहेब, हे स्तोत्र आमच्याच चर्चच्या गायनमास्तरांचं. त्या वेळचा इथला ऑर्गन ऱ्हाइन नदीपलीकडच्या जर्मन कारागिराने बांधलेला, आणि त्याची पट्टी चढी होती. तुम्ही नेहमी वाजवता त्याहूनही चढी. मग तुम्ही ती उतरवलीत कशी?"

आता केसलर मास्तरांची खैर नाही, असं सोलांजला वाटलं.

"तुमचं बरोबर आहे," तिबो म्हणाला. "माझी चूक झाली."

"पण त्या ऑर्गनचे कागद तर तुम्हीच मागवले होते. डिसेंबरात मीच नकला पाठवल्या."

"मग मी नीट वाचले नसतील."

लोकांत कुजबुज झाली. वर्तमानपत्राचा माणूस भराभरा लिहू लागला. सोलांजने मंडळीकडे पाहिलं. बाकीचे अकराही जण आपापल्या बशीतला केक न्याहाळत होते. ओदिलने अंगठा पाठीमागे लपवला होता. डिसेंबर, सोलांजच्या मनात आलं. त्याच महिन्यात आपला आवाज फाटला होता.

ती उठली. "मास्तर, त्यांनी नीट वाचलंय."

"सोलांज, खाली बस," तिबो म्हणाला.

"गप रे जरा. मास्तर, माझ्या गळ्यात वरचा सूर राहिलेला नाही. ऑपरेशनमध्ये गेला. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. या सगळ्यांना आपोआप कळलं, आणि त्यांनी मला कळू दिलं नाही की त्यांना कळलंय. तारा बदलल्या, बोटं सुजवून घेतली, आणि वर सहा महिने तिबोला शिव्या देण्याचं नाटक केलं."

"नाटक नव्हतं ते," ओदिल म्हणाली.

लोक हसले. सोलांजही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. ती वर्तमानपत्राच्या माणसाकडे वळली. "हे सगळं लिहा. चूक तिबोची नाही, गळा माझा आहे."

छापून आल्यावर काय होईल हे तिला ठाऊक होतं. पॅरिसहून येणारी बोलावणी थांबतील. पण तिबोसारख्या माणसाने तिच्यासाठी भर अंगणात स्वतःला चुकीचं म्हणवून घेतलं होतं, आणि ते तसंच राहू देणं तिच्याने झालं नसतं.

"मी दुपारपासून भलत्यांचेच आभार मानत बसले होते," ती मंडळीला म्हणाली. "तुमचे मानायचे होते."

तिबोचे कान लाल झाले होते. तो केसलर मास्तरांजवळ गेला आणि त्यांच्याशी हस्तांदोलन करत म्हणाला, "तुमचे कागद अगदी बिनचूक आहेत. पण पुढच्या वर्षीही आम्ही असंच वाजवणार."