दोन मोरांमधले अंतर

मित्रांनो, मी सोलापूरची एक जुनी चादर. माझ्या दोन्ही टोकांना एकेक मोर आहे. त्यातल्या एकाची चोच वाकडी आहे. अक्कलकोट रोडच्या कारखान्यात सिद्धाराम मला विणत असताना ऐन चोचीपाशी धागा तुटला आणि मी विक्रीतून बाद झाले. सिद्धारामने मला घरी आणले. "वाकडी आसली तरी माज्या हातची हाय," तो म्हणाला. ते ऐकून मला फार बरे वाटले होते.

पंधरा हिवाळे मी त्याला ऊब दिली. मग घरात मऊ ब्लँकेट आले आणि माझी रवानगी कपाटावर झाली. तिथे मी धूळ खात पडले. म्हणून परवा त्याच्या मुलीने, श्रावणीने, मला खाली ओढले तेव्हा मी हुरळूनच गेले. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी अवकाश होणार होते! मोर म्हणजे दोन तारे.

वर्गात तिने मला दुमडले. ज्यांची जन्मात भेट झाली नव्हती ते मोर एकमेकांना चिकटले. मग तिने कात्री काढली.

"बाई, हितं भोक पाडलं की यान आरपार जातंय. प्रकाशाच्याबी आदी पोचतंय!"

एकदा भोक पडले की वीण उसवतच जाते. आणि सिद्धारामला तर या कात्रीचा पत्ताच नव्हता.

विज्ञानाच्या पद्मजाबाईंनी तिचा हात धरला. "थांब. दोन ताऱ्यांना जोडणारा असा अवकाशातला बोगदा, म्हणजे वर्महोल, गणितात बसतो. पण तो उघडा ठेवायला उणे, म्हणजे शून्याहूनही कमी ऊर्जा लागते, आणि तेवढी अजून कुणालाच मिळालेली नाही. तिच्याशिवाय यान शिरण्याआधीच बोगदा मिटेल. मग कायमचं भोक दाखवणं खरं होईल का?"

"न्हाय," श्रावणी म्हणाली आणि कात्री दप्तरात गेली.

सुटले, मित्रांनो, सुटले! भौतिकशास्त्राचे इतके उपकार दुसऱ्या कुठल्या चादरीवर झाले नसतील. श्रावणीने दोन्ही मोर कपड्याच्या चिमट्याने जोडले आणि कार्डशीटवर लिहिले, 'प्रकाशाला मागे टाकता येईल? अजून तरी वाट सापडलेली नाही.'

संध्याकाळी सिद्धाराम प्रदर्शन बघायला आला. त्याने वाकड्या चोचीवरून बोट फिरवले.

"ह्यो चिमटा सोडल्यावर काय हुतंय?"

"काय न्हाय पप्पा. मोर परत लांब."

तो हसला. मला खांद्यावर टाकून घरी घेऊन गेला, आणि आता मी कपाटावर नाही, त्याच्या अंथरुणावर असते.

मला झटका, उन्हात घाला, हवी तशी दुमडा. फक्त कात्री उचलण्याआधी एकदा विचारा, भोक खरंच लागणार आहे का?