अंगठ्याखालचा स्क्रू

मी स्क्रू आहे. स्टीलचा, दीड इंच लांब, गोल डोक्याचा. डोक्याचं आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या आयुष्यात जे काही बरंवाईट झालं ते या डोक्यापायी.

जन्म कारखान्यातला. तारेचं भलंमोठं वेटोळं यंत्रात शिरतं, तुकडा पडतो, एका ठोक्यात डोकं तयार होतं, दुसऱ्या ठोक्यात त्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच. मग दोन पट्ट्यांमध्ये लाटून अंगावर आटे. सगळं मिळून एका शिंकेएवढा वेळ. शेजारच्या यंत्रावर आमचे चुलतभाऊ निघत. वरून सपाट, खालून निमुळते. त्यांना दुकानात सीएसके म्हणतात. त्यांचं डोकं लाकडात पार बुडून जातं, म्हणून सुतारांचे ते लाडके. आमचं डोकं वर राहतं, आणि वर डोकं काढणारा सहसा कुणाला आवडत नाही.

वायरमनना मात्र आम्हीच लागतो. स्विचबोर्ड असो की पाइपची क्लिप, वरून दाबून धरायची तर गोल डोकंच हवं. म्हणून आमची डबी एका वायरमनने विकत घेतली. त्याला घरात सगळे मामा म्हणायचे, मीही तेच म्हणेन. मामा निवृत्त झाला, पण हत्यारांची पिशवी काही निवृत्त झाली नाही. आम्ही पन्नासेक जण तिच्या तळाशी पडून होतो.

मामाची थोरली बहीण, म्हणजे ताई, पलीकडच्या गल्लीत एकटी राहायची. तिने चाळीस वर्षं ब्लाउज शिवले. मग काचबिंदूने डोळे गेले. दिवसा खिडकी कुठल्या अंगाला आहे, एवढंच कळायचं. तरी हातशिलाई, बटणं, काजं अजून करायची. तिचं घर तळमजल्यावर. पुढे शिवणाची खोली, मग सोळा फुटांचा लांबट बोळ, आणि बोळाच्या शेवटी तीन पायऱ्या उतरून मोरी. त्या पायऱ्यांवरून ती पडली आणि मनगट मोडलं.

प्लॅस्टर निघालं त्या दिवशी तिची लेक म्हणाली, "आता पुरे झालं, आई. माझ्याकडे चल. चौथ्या मजल्यावर आहे, पण लिफ्ट आहे."

"आणि तिथे मी काय करू?"

"काही करू नकोस. बसून राहा."

"तेच तर म्हणते," ताई म्हणाली. "इथे मला सगळं सापडतं. तुझ्याकडे मला पाण्याचा पेलासुद्धा मागावा लागेल."

लेक वाईट नव्हती. तिला रात्रंदिवस फोनची धास्ती असायची, एवढंच. शेवटी मामा मध्ये पडला. "महिनाभर दे मला. भिंतीला दांडा बसवतो. त्यानंतर ही पुन्हा पडली, तर मीच हिची बॅग भरून तुझ्याकडे आणून सोडतो."

दांडा म्हणजे दोन इंची लाकडी पट्टी, कडा घासून गोल केलेली. भिंतीवर दर दोन फुटांनी लाकडी ठोकळे, आणि पट्टीतून ठोकळ्यात एकेक स्क्रू. कोणता स्क्रू? मामाने पिशवीत हात घातला आणि आमची डबी हाताला लागली. आयुष्यभर तो गोल डोक्याचेच लावत आला होता. दुसरा विचार त्याच्या मनालाही शिवला नाही. त्यात स्क्रू ड्रायव्हरचं टोक झिजलेलं. ते खाचेतून सटकायचं, आणि दर वेळी खाचेची कड उलटून बारीक कुसळ वर यायचं. माझंही एका अंगाला सोललं. मी आठवा होतो, शेवटचा, पायऱ्यांच्या अलीकडचा.

हे सगळं होईतो तीन आठवडे गेले. पहिल्या दिवसापासून ताई दांडा धरून चालू लागली. तळवा पट्टीवर, बोटं भिंतीकडे, अंगठा आमच्या बाजूला. दर दोन फुटांनी तो अंगठा आमच्यापैकी एकाच्या डोक्यावरून जायचा. मला तेव्हाच कळत होतं की आपण बोचतोय. पण स्क्रूला मागे सरता येत नाही.

ती बोलली नाही. चौथ्या दिवशी मामा चहाला आला, तेव्हा तिच्या मांडीवरच्या पांढऱ्या ब्लाउजवर तांबडे ठिपके होते.

"ताई, सुई टोचली का?"

"चाळीस वर्षांत नाही टोचली, ती आता टोचेल?"

"हात दाखव."

तिने हात पाठीमागे नेला, लहान मुलीसारखा. मामाने तो ओढून पाहिला. अंगठा ठिकठिकाणी चिरलेला. "बोलली का नाहीस?"

"तू एवढा घाम गाळून केलंस. वर लेकीला कळलं असतं, तर दांडा राहिला असता बाजूला आणि मी गेले असते चौथ्या मजल्यावर."

मामा तडक गल्लीतल्या सुताराला घेऊन आला. सुताराने दांड्यावरून हात फिरवला आणि हसला. "मामा, हा स्विचबोर्ड नाही. जिथे माणसाचा हात फिरणार, तिथे स्क्रूचं डोकं लाकडात बुडायला हवं. सीएसके लावा. आधी भोकाच्या तोंडाशी जाड ड्रिलने वाटीसारखा खड्डा करा, म्हणजे डोकं पट्टीच्या पातळीला येईल. आणि हा स्क्रू ड्रायव्हर फेकून द्या आधी."

दुसऱ्या दिवशी आमची उचलबांगडी झाली. आठही जण निघालो, आमच्या जागी चुलतभाऊ बसले. वरून मेण घासलं. हात फिरवला तर स्क्रू कुठे आहे ते सापडू नये, इतकं काम सफाईदार. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं नाही. ज्याचं काम त्यानेच करावं.

तो शुक्रवार. रविवारी महिना पुरा होत होता आणि लेक येणार होती.

शनिवारी सकाळी मोरीच्या बाजूने धप्प असा आवाज आला. मामा खोलीत पिशवी आवरत होता. तो धावला. ताई पहिल्या पायरीवर बसली होती, एक पाय खाली लोंबत होता. घोटा मुरगळला होता, बाकी काही नाही.

"दांडा सुटला का?"

"दांडा हातातच होता." ती घोटा चोळत होती. "तू ते खडे काढलेस ना?"

"कसले खडे?"

"ते स्क्रू. मी मोजत होते रे. आठवा आला की पायरी. आज मोजायला काही लागेना, मला वाटलं अजून बोळच आहे."

मामा तिच्या शेजारी पायरीवर बसला. मग म्हणाला, "ते टोचत होते, ताई. रक्त काढलं त्यांनी."

"सगळे नको लावूस. एकच लाव. पायरी यायच्या आधी हातभर. आणि त्याचं नाक जरा घासून घे."

मामाने आम्हाला तळहातावर पसरलं. माझं अंग त्यातल्या त्यात सरळ होतं. त्याने मला कानशीने घासलं, मग पॉलिश पेपरने. उलटलेली कड गेली. प्रत्येक घासणीनंतर ताई माझ्या डोक्यावरून अंगठा फिरवायची आणि म्हणायची, "अजून." पाचव्यांदा तिने मला मामाच्या हातात परत ठेवलं. मग त्याने नव्या स्क्रू ड्रायव्हरने मला पट्टीत बसवलं. माझ्यावर काही धरून ठेवायची जबाबदारी नव्हती. तो भार सीएसकेंवर. माझं काम फक्त लागणं.

रविवारी लेक आली. ताईने घोट्याचं लपवलं नाही. लेकीचा चेहरा पडला. "मामा, तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणालो होतो," मामा म्हणाला. "बॅग भरतो. पण आधी एकदा डोळे मिटून मोरीपर्यंत जाऊन ये."

तिने चप्पल काढली, डोळे मिटले आणि दांडा धरला. पहिली काही पावलं भराभर, मग सावकाश. मधोमध ती थांबली. आई रोज कुठून चालते, हे तिला बहुधा तिथे समजलं. पुन्हा निघाली. तिचा अंगठा माझ्यावर आला आणि पाऊल आपोआप थबकलं. मग पायाने चाचपून ती एक पायरी उतरली, दुसरी, तिसरी. डोळे उघडले तेव्हा ती मोरीच्या दारात होती.

परत आल्यावर तिने पर्समधून शिवणाची टेप काढली आणि दांड्याची उंची मोजली.

"हे कशाला?" ताईने विचारलं.

"आमच्या बाथरूमपाशी उंबरा आहे. तिथेही असा दांडा लावते. मामा, तुम्ही याल ना? राहायला नको येऊस, आई. पाहुणी म्हणून तरी ये."

"पाहुणी म्हणून येईन," ताई म्हणाली. "पण जेवायला बसवून ठेवायचं नाही. भाजी मी चिरणार."

या गोष्टीला सात वर्षं झाली. माझी खाच मळाने बुजली आहे, त्यामुळे आता मला कुणी काढू म्हटलं तरी सहज निघणार नाही. डोकं मात्र चकचकीत आहे. दिवसातून दहा-बारा वेळा तिचा अंगठा येतो, क्षणभर टेकतो आणि पुढे जातो. या घरात मला नीट पाहिलेलं असं कुणी नाही, पण ओळखतात सगळे.

तुम्ही कधी स्क्रू आणायला गेलात तर दुकानदार विचारेल, किती लांबीचा, कोणत्या डोक्याचा? उत्तर द्यायची घाई करू नका. त्या लाकडावरून कुणाचा हात फिरणार आहे, ते आधी आठवा. जमलं तर त्या माणसालाच विचारा.