अर्धा इंच आखूड दार

मी एक जुनं लोखंडी कपाट आहे, मित्रांनो, आणि माझा राग अजून उतरलेला नाही. कपाटाला कसला आलाय राग, असं म्हणू नका. सहा महिने तोंड बांधून उभे राहा, मग बोला.

माझा जन्म पाबळच्या एका वर्कशॉपमध्ये झाला. वेल्डिंग शिकायला आलेल्या सविता नावाच्या मुलीनं मला जोडलं. उंची साडेसहा फूट, रुंदी तीन फूट, कप्पे पाच. सगळी मापं बरोबर होती, फक्त डावं दार तिनं अर्धा इंच आखूड कापलं. वर फट राहिली. दार नेट लावून उचललं की बिजागरीच्या खुंट्यांवरून सुटून हातात यायचं. मास्तर तिला खूप बोलले. त्यातच ऑइल पेंट संपलेला, म्हणून मला आतून-बाहेरून नुसता तांबडा रेड ऑक्साइड फासला. असं खोटीचं कपाट कोण घेणार? सविताच्या गावच्या वाचनालयानं घेतलं.

पण रेड ऑक्साइड खरखरीत असतो आणि त्यावर खडू छान उठतो. सवितानंच पहिली ओळ लिहिली आणि गावात रीत पडली. पुस्तक कोणतं, ते कुणी वाचावं आणि का, एवढं माझ्या दारावर लिहायचं. ज्याच्यासाठी लिहिलं त्यानं पुस्तक वाचून आणलं की ती ओळ स्वतःच्या तळव्यानं पुसायची. दुसऱ्या कुणाला पुसायचा हक्क नाही.

“भिमा, मुंग्यांचं पुस्तक घे. साखरेचा डबा झटकताना हात थांबेल.” “ईश्वर, खालच्या कप्प्यातलं निळं पुस्तक वाच. रांजणगावच्या बसमध्ये उघडू नको, रडशील.” मी मोजलं आहे, एक ओळ सरासरी अकरा दिवस टिकायची. रोज इतके तळवे कोणत्या कपाटाच्या अंगावरून फिरतात, सांगा बरं!

कांदे निवडायला जाणारी रंगुबाई पन्नाशीनंतर अक्षरं शिकली. तिनं माझ्यावरच्या सात ओळी पुसल्या, पण स्वतः एकही लिहिली नाही. “माझं अक्षर म्हंजी कोंबडीनं उकरल्यावानी. चारचौघांत कशाला?” म्हणायची. तिच्यासाठी आठवी ओळ सवितानं लिहिली, “रंगुमावशी, विहिरीचं पुस्तक वाचा. तीन उन्हाळे एक बाई विहीर खणते. पाणी लागतं का बघा.”

रंगुबाई रोज चार पानं वाचायची, ओळीखाली बोट धरून. एकतीस पानं उरली आणि वाचनालयाची तपासणी आली.

नवे सचिव पोपटराव टापटिपीचे माणूस. त्यांनी मोजणीसाठी सगळी पुस्तकं परत मागवली. रंगुबाईनं पानात गवताची काडी घातली आणि पुस्तक दिलं. “तपासणी झाली की घेऊन जा, मावशी,” पोपटराव म्हणाले. मग त्यांनी माझ्या दारांना बाहेरून चंदेरी, गुळगुळीत रंग दिला. सविताची ती ओळही रंगाखाली गेली. “भिंतीवर पोरं लिहितात, कपाटावर म्हातारी माणसं! शोभतं का?” म्हणाले आणि कोयंड्याला कुलूप घातलं.

तपासणीचे साहेब आले. माझ्या पोटातल्या रांगा बघून म्हणाले, “वा! एकही पुस्तक बाहेर नाही!” पोपटरावांची छाती फुगली. मित्रांनो, ही कसली शाबासकी? भाकरी कुणी खाल्ली नाही म्हणून टोपल्याचं कौतुक करतात का?

तपासणी झाली, पण कुलूप निघालं नाही. “आता कुठं चांगली दिसायला लागलीत,” म्हणे! त्या सहा महिन्यांत माझ्या पोटातली पुस्तकं वाचली फक्त कसरीनं. तिचं कुरतडणं मी ऐकत होतो आणि माझं दार मला हलवता येत नव्हतं.

रंगुबाई दर गुरुवारी यायची.

“पोपटराव, पाणी लागलं का?”

“कुठल्या विहिरीला, मावशी?”

“पुस्तकातल्या! एकतीस पानं ऱ्हायलीत माझी.”

“सविताला विचारा की. तिनं वाचलंय.”

“इचारलं. ती म्हणती, सांगणार न्हाई, वाचायचं.”

“किल्ली घरी राहिली आज.”

“रोजच घरी ऱ्हाती व्हय? तिला बी कवातरी गाव दाखवा!”

शेवटी एका गुरुवारी रंगुबाईनं सविताला रस्त्यातच धरलं आणि माझ्यापुढं आणून उभं केलं. सविता आता रांजणगावला कंपनीत आहे. पहिली शिफ्ट करून नुकतीच बसमधून उतरली होती. पोपटराव वाचनालय उघडं ठेवून बाजाराला गेले होते.

“एक तर पाणी सांग, न्हाईतर पुस्तक दे,” रंगुबाई म्हणाली.

सवितानं कुलूप पाहिलं. मग वरच्या फटीकडं पाहिलं आणि हसली. “मास्तर म्हनले व्हते, ही खोट तुला जलमभर नडंल.” तिनं डावं दार दोन्ही हातांनी धरलं आणि उचललं. खुंट्या सुटल्या. कुलूप होतं तिथंच राहिलं. त्याच्या आधारानं दार उजव्या दारावर उलटलं, पुस्तकाचं पान उलटतं तसं. आतली बाजू वर आली. तिला चंदेरी रंग लागलाच नव्हता. ती तशीच तांबडी होती.

रंगुबाई पुस्तक घेऊन तिथंच फरशीवर बसली. काडी काढली, बोट ठेवलं आणि एकतीस पानं वाचून काढली. सविताही घरी गेली नाही. शेवटचं पान संपलं तेव्हा रंगुबाईनं पुस्तक मिटलं, त्यावर हात ठेवला आणि “अगं बया!” एवढंच म्हणाली.

तेवढ्यात पोपटराव आले. “कुलूप कुणी फोडलं?”

“कुलूप हाय की जाग्यावर. हात लावून बघा,” सविता म्हणाली.

रंगुबाई उठली. “माझी वळ पुसायचा हक्क माझा व्हता, पोपटराव. ती तुमी रंगवून टाकली.” मग कोनाड्यातला खडू घेऊन तिनं उलटलेल्या दाराच्या तांबड्या बाजूवर जन्मातली पहिली ओळ लिहिली. अक्षरं तिरकी होती, पण मला प्रत्येक अक्षर कळलं.

“पोपटराव, हिरीचं पुस्तक तुमी वाचा. पाणी लागलं का ते मी सांगणार न्हाई. रंगुबाई.”

“मी?” पोपटराव म्हणाले.

“तुमीच.”

मित्रांनो, कपाटाला जपायचं तर त्याला चकाकी नको, वर्दळ हवी. पुस्तक आवडलं तर ते एकट्यानं आवडून घेऊ नका. कुणाचं तरी नाव आठवा आणि त्याला सांगा.

रंगुबाईची ओळ अजून कुणी पुसलेली नाही. विहिरीचं पुस्तक मात्र पाच दिवसांपासून माझ्या पोटात नाही. काल संध्याकाळी पोपटराव माझ्यापुढं घुटमळले आणि इकडंतिकडं बघून सविताला हळूच म्हणाले, “निम्म्यावर आलोय. खडक लागलाय गं. पाणी लागतं का पुढं?”

सवितानं माझ्या दाराकडं बोट दाखवलं.