गंगाळातले देव

कौशल्याबाईनं देव पाण्यात घातले त्याला आज पाच दिवस झाले. बायका देव पाण्यात घालतात ते काही मागायला. पोरगा पास होऊ दे, धनी दवाखान्यातून घरी येऊ दे. काम झालं की देव बाहेर. कौशल्याबाईनं काही मागितलंच नव्हतं. निर्मल गावी राहणाऱ्या तिच्या लेकीचं, मयूरीचं, सात महिन्यांचं बाळ पोटातच गेलं, ते कोणत्या गुन्ह्यापायी, एवढाच जबाब तिला पाहिजे होता. तोवर बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक, सगळे तांब्याच्या गंगाळात तळाशी.

जबाब कसा येतो हे तिला ठाऊक नव्हतं. येईल, एवढं ठाऊक होतं, कारण तिला जबाब न देता या घरात आजवर कोणी राहिलं नव्हतं. आता राहायलाच कोणी नव्हतं, ती गोष्ट वेगळी. नवरा, सुधाकरराव, जाऊन दोन वर्षं झाली. दिवसा कापूस वेचणाऱ्या बायांवर तोंड टाकता येई. त्या गेल्या की एका भाकरीपुरतं पीठ भिजवायचं आणि गंगाळाशी बोलत जेवायचं.

शेजारची प्रतिभा सरकारी शाळेत शिकवायची. घरी जाताना डोकवायची. मायलेकींचं बोलणं बंद होतं, म्हणून मयूरीची खबर तीच आणायची.

"मावशी, अजून पाण्यातच हायेत?"

"बसू दे. बोलत नाई तवर."

"सप्त्यातले महाराज भोंग्यावर सांगत होते, तो सगळ्याचा मालक हाय. मालकाले काऊन केलं म्हणून इचारायचं नसते."

"महाराजाचं पोट मालकाच्या नावावर भरते, तो अजून काय म्हणन? मालक हाय तर त्यानं जास्तच सांगा लागते. ज्याच्या हातात काई नाई त्याले कोण इचारते? पाऊस काऊन नाई पाडला म्हणून म्या तुले कधी इचारलं का?"

प्रतिभा हसली. "सगळं करता येते त्याले, मंग गंगाळातून निघता नाई येत?"

"येते. पण निघाला तर तोंड उघडा लागन, म्हणून बसला हाय दडून." कौशल्याबाईनं तिच्यापुढे चहा सरकवला. "तुमा बौद्धायचं बरं हाय. असा देवच नाई, त भांडायची कटकट नाई."

"बरं कायचं? आमचे हे गेले तवा कोणाशी भांडू म्या? डॉक्टरचा कागद वाचत बसली महिनाभर. कारण लिवलं होतं त्यात, साफ. तरी घर रिकामं ते रिकामंच."

प्रतिभानं कप खाली ठेवला.

"एक बोलू? राग येईन तुमाले."

"आला तर हाकलीन. बोल."

"काका गेले त्या दिवशी मयूरी फाटकात उभी होती. बापाचं तोंड पाहू दे म्हणे. काऊन नाई, आई, इतकंच इचारून राह्यली होती. तुमी काय म्हणल्या?"

ते अख्ख्या आळीनं ऐकलं होतं. न विचारता कोर्टात लग्न करणाऱ्या पोरीला कौशल्याबाई म्हणाली होती, घर माझं हाय, कारण सांगायले मी बांधील नाई.

"देवाची अन् माझी बरोबरी करते का?"

"म्या नाई केली, मावशी. तुमीच केली." प्रतिभा पिशवी उचलून निघाली. तिला कोणी हाकललं नव्हतं.

कौशल्याबाईनं तिला पाठीमागून दोन-चार शिव्या दिल्या. मास्तरीन झाली म्हणून मोठी झाली, वगैरे. ऐकायला कोणी नव्हतं म्हणून त्याही अर्ध्यावर सोडल्या. दिवेलागण झाली. दिवा लावायचा तो हात मोबाइलकडे गेला.

"आई?"

"हं."

"बोल नं," मयूरी म्हणाली.

"तुह्या बापाचं तोंड नाई पाहू देलं म्या. काऊन, ते सांगायले फोन लावला."

"सांग."

कौशल्याबाईनं शोधलं. लग्नाचं सांगावं, तर तो राग चितेबरोबरच विझला होता. लोकांचं सांगावं, तर लोकांना ती कधी भ्यालीच नव्हती. दोन वर्षं कारण आहे असं धरून चालली होती. आत हात घालून पाहिलं, तर काही लागेना.

"कारण काई नव्हतं, मयूरी. माझं चालत होतं, म्हणून केलं."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. शब्दही आला नाही. नुसता श्वास येत होता, तो ऐकत कौशल्याबाई अंधारात बसून राहिली.