माझी पाठ दवाखान्याकडे होती

मी एक जुना मायक्रोवेव्ह रेडिओ आहे. नाव ऐकून हसू नका, मित्रांनो. माझ्यातून गाणी ऐकू येत नाहीत आणि माझ्यात जेवणही गरम होत नाही. माझं काम इंटरनेट हवेतून पोचवायचं. माझ्यासमोर थाळीसारखा गोल अँटेना बसवतात, आणि दूर, बरोबर माझ्या नजरेच्या रेषेत, माझा जुळा भाऊ असतो. मी बोललो की त्याला ऐकू जातं, तो बोलला की मला.

आम्हाला विकत घेतलं ते टेकडीवरच्या वस्तीला इंटरनेट पुरवणाऱ्या एका माणसानं. सगळे त्याला दादा म्हणत. त्याची बायको ऑफिसातला फोन सांभाळायची, तिला वहिनी. आमच्याआधी दादाकडे लहरींच्या मोकळ्या पट्ट्यातले रेडिओ होते. त्या पट्ट्यात कुणीही, कधीही, न विचारता बोलू शकतं. म्हणून हळूहळू सगळेच तिथं बोलायला लागले आणि कुणालाच काही ऐकू येईना. संध्याकाळ झाली की वहिनीचा फोन वाजायचा तो थांबायचाच नाही.

"आता परवान्याचाच रेडिओ घ्यायचा," दादानं ठरवलं. परवान्याच्या पट्ट्यात सरकारी कचेरी प्रत्येकाला त्याची स्वतःची जागा, म्हणजे बोलायची ठरावीक लहर, नेमून देते. आधी तपासते, त्या रेषेत पुढेमागे आणखी कोण बोलतं, आणि मगच सांगते, तू या जागी बोल. दादा महिनाभर कागदावर रेघोट्या ओढत होता. अंतर किती, मुसळधार पावसात आवाज कितपत टिकेल, थाळी केवढी लागेल. एवढं सगळं मन लावून पाहिलं आणि मला निवडलं. खरं सांगतो, तेव्हा मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

वहिनी एकदाच म्हणाली होती, "अहो, आधी खोलीचं माप तरी येऊ द्या, मग कपाट घ्या."

"अर्ज केलाय ना," दादा म्हणाला. "आज ना उद्या येईलच परवाना."

मला बसवलं ते बेकरीच्या गच्चीवरच्या खांबावर. खाली भट्टी आणि मालक बेकरीवाले काका. त्यांनी जागेचं भाडं घेतलं नाही. "माझं नेट तेवढं चालू ठेव म्हणजे झालं," एवढंच म्हणाले. पहाटे चिमणीतून ऊब यायची आणि ताज्या पावाचा वास माझ्या केबलींपर्यंत चढायचा. माझं तोंड खाली शहराकडे होतं. माझ्या पाठीमागे, टेकडीवर आणखी उंच, एक दवाखाना होता. तो मला कधी दिसलाच नाही.

परवाना येईना. वस्तीतली माणसं तगादा लावत होती. शेवटी दादानं मला पट्ट्यातल्या एकेका जागेवर ऐकायला लावलं. एक जागा मला अगदी शांत वाटली. तिथं कुणी बोलत नव्हतं.

"रिकामीच पडलीय," दादा वहिनीला म्हणाला. "परवाना येईपर्यंत वापरली तर कुणाचं काय जातंय?"

दादानं बटण दाबलं.

मित्रांनो, मी काय चाललो म्हणून सांगू! वस्तीतल्या घराघरांत चित्रं पाण्यासारखी वाहू लागली. लोक दादाला रस्त्यात थांबवून शाबासकी द्यायचे. काका तर गिऱ्हाइकांना पाव बांधून देताना वर बोट दाखवायचे, "आमच्या छपरावर बसलंय ते यंत्र." मी फुगून गेलो होतो.

पण ती जागा रिकामी नव्हती. दवाखान्याच्या थाळीचं तोंडही शहराकडेच होतं. ती माझ्या पाठीमागून, माझ्या डोक्यावरून, त्याच जागेवर बोलत होती. तिच्याकडे पाठ असल्यानं मला तिचा आवाज येत नव्हता. शहरातल्या मनोऱ्यावर तिचं ऐकणारा रेडिओ मात्र आमच्याच दिशेला कान लावून बसला होता. तिचा आवाज लांबून यायचा, माझा जवळून. त्याला माझीच बडबड ऐकू जायची.

एका दुपारी काकांच्या छातीत कळ आली. लेकीनं त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरनं छातीला तारा लावून हृदयाचा आलेख काढला आणि शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना पाठवला. तो जाईना. तिनं पुन्हा पाठवला. तारा काढून पुसून परत लावल्या, मशीन बंद करून चालू केलं. आलेख पाहिल्याशिवाय डॉक्टर काही सांगू शकत नव्हते. शेवटी तिनं स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णवाहिका बोलावली. काका वाचले. पण गेलेल्या वेळात हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झाला. दिवसभर पावाचे ट्रे उचलणारा तो माणूस जिना चढताना दोनदा टेकू लागला.

त्याच दुपारी, मित्रांनो, माझं कौतुक चाललं होतं. खेळाचा सामना कसा अडखळता दिसला नाही म्हणून कुणीतरी वहिनीला मुद्दाम फोन केला होता.

पुढच्या आठवड्यात एक इंजिनिअर बाई गच्चीवर आल्या. दवाखान्याचं नेट त्यांची कंपनी पुरवत होती. हातातलं मोजमापाचं यंत्र त्यांनी इकडेतिकडे फिरवलं आणि माझ्यापुढे आणून थांबवलं.

"हा कुणाचा?"

"माझा," दादा म्हणाला.

"परवाना?"

"अर्ज केलाय."

"अर्ज म्हणजे परवाना नव्हे, हे तुम्हाला मी सांगायला नको. जरा बंद करता?"

दादानं मला बंद केलं. बाईंनी फोन लावला. "आता बघा. येतंय? स्वच्छ?" मग फोन ठेवून त्यांनी दादाला त्या दुपारची हकिकत सांगितली. पेशंट कोण हे त्यांना माहीत नव्हतं. दादाला माहीत होतं.

काही दिवस तो बेकरीच्या रस्त्यानं जायचंच टाळायचा. मी खांबावर मुका लटकत होतो. काका आता ऊन खायला गच्चीवर येत, माझ्याखाली खुर्ची टाकून बसत. एका सकाळी दादा वर आला.

"काय रे, नेट बंद का केलंस? मस्त चाललं होतं की," काका म्हणाले.

दादानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काहीही गाळलं नाही. काकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला आजही सोसत नाही.

"म्हणजे माझ्याच छपरावरून?"

"हो, काका."

"तुला माहीत होतं?"

"कुणाला त्रास होईल हे माहीत नव्हतं. परवानगी नाही, हे माहीत होतं."

काकांनी शाल आवळून घेतली. "ती सिस्टर रोज मला बघायला येते. म्हणते, तारा लावण्यात माझंच काहीतरी चुकलं असणार. झोप उडालीय पोरीची. आधी तिला जाऊन सांग. माझं नंतर बघू."

दादा तसाच टेकडी चढून गेला. संध्याकाळी वहिनीनं विचारलं, "काय म्हणाली?"

"सगळं ऐकून घेतलं. मग आत जाऊन तोंड धुऊन आली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली."

त्यानं कचेरीलाही स्वतःहून कळवलं. दंड झाला, परवानाही लांबला. अखेर नेमून दिलेली जागा कळली, आणि ती माझ्या आवाक्याबाहेरची निघाली. आम्ही कुठून कुठपर्यंत बोलू शकतो, हे कारखान्यातच ठरतं. मागाहून बदलता येत नाही. दादानं त्या जागेला जुळणारी नवी जोडी आणली. काकांनी खांब ठेवू दिला, पण भाड्याशिवाय नाही. नेटचं कौतुकही त्यांनी पुन्हा कधी केलं नाही. दोघं बोलतात, पण कामापुरतंच.

जुळा भाऊ कुठल्याशा गोदामात गेला. मी दादाच्या टेबलावर आहे. नव्यानं हा धंदा करणारी माणसं सल्ला विचारायला येतात. घाईत असतात. सगळ्यांचं म्हणणं एकच, "जागा रिकामीच दिसतेय, चालू केलं तर?" दादा मला त्यांच्यापुढे सरकवतो आणि सगळं सांगतो, सिस्टरचं आणि काकांचंसुद्धा. सांगताना त्याची मान खाली असते. मला मान नाही, नाहीतर माझीही असती.

मित्रांनो, जुन्या वस्तू सहसा विनवतात, आम्हाला पुसा, जपा, अडगळीत टाकू नका. माझ्यावर धूळ बसली तरी चालेल. तुम्ही मात्र बोलण्याआधी मागे वळून बघत जा, आपल्या पाठीमागे कुणी बोलतंय का. आणि परवा वहिनी टेबल आवरताना म्हणाली, "आता हा कपाटात ठेवू या का? किती दिवस तेच तेच?" तिला एवढंच सांगा, की राहू द्या त्याला इथंच.