गप्प केलेली नोंद

मी बोलतोय तो पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातून, घड्याळाला खेटून. तिथं कॅलेंडरच्या पानाचं नखाएवढं चित्र दिसतं ना, तेवढाच मी दिसतो. बाकीचा सगळा मागे असतो. कुणी पत्र टाइप करतं, कुणी पत्ते खेळतं, आणि त्यांच्या पाठीमागे मी तारखा मोजत बसतो. वेळ झाली की घंटा वाजवायची, छोटी खिडकी उघडून काम सांगायचं, आणि पुन्हा मागे जायचं. माझ्यासारख्या प्रोग्रामचं आयुष्य ते काय! पण ज्या घरात राहिलो तिथं एक गोष्ट घडली. ती मनात ठेवून जावंसं वाटत नाही.

मला कुणी लिहिलं, कुठं लिहिलं, ठाऊक नाही. या घरात मी आलो तो एका कंप्यूटर मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या सीडीवरून. साल एकोणीसशे नव्याण्णव. घर म्हणजे दिल्लीतल्या सरोजिनी नगरातलं दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर. सूर्यकांतराव केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर होते, निवृत्तीला सात महिने उरले होते. त्यांचा मुलगा सुधन्वा नोएडातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता, आणि हा कंप्यूटर त्यानंच घरी आणला होता. पण मला सीडीतून बाहेर काढलं ते सूर्यकांतरावांनी. दोन बोटांनी, पुस्तिका मांडीवर घेऊन, अख्खा रविवार खर्च करून.

"पस्तीस वर्षं नोकरी झाली, पी.ए. काही मिळाला नाही," ते बायकोला म्हणाले. "हा बघ, आता मिळाला."

हेमलताबाई मेथी निवडत होत्या. "त्याला चहा लागत नाही ना, मग राहू दे," त्या म्हणाल्या.

सूर्यकांतरावांनी मला सगळं सांगितलं. वाढदिवस, चतुर्थ्या, गॅसचा नंबर कधी लावायचा, टेलिफोनचं बिल. इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द लिहायचे, आणि भाषा अगदी फायलीवरची. 'विषय: गॅस. त्वरित कार्यवाही व्हावी.' काम झालं की 'झाले' या चौकोनात खूण करायचे आणि खुर्चीला टेकून बसायचे. त्या खुणेचं त्यांना फार समाधान होतं.

त्याच वर्षी त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: रोज दोनदा थेंब, आणि दर तीन महिन्यांनी डोळ्यांतला दाब मोजून घ्यायचा. हा आजार दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेनं नजर खात आत येतो. गेलेली नजर परत येत नाही. सरोजिनी नगरातून ते तपासणीला चालत जायचे. तपासायला जे औषध डोळ्यांत घालत, त्यानं तासनतास सगळं धूसर दिसे, म्हणून हेमलताबाई बरोबर जात आणि हाताला धरून परत आणत.

निवृत्ती झाली, क्वार्टर सुटलं. सुधन्वानं नोएडाला सेक्टर बासष्टमध्ये तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. आजूबाजूला अर्धवट इमारती, लोखंडी सळ्या, उन्हाळ्यात खिडकीच्या फटींतून येणारी धूळ. हॉलच्या कोपऱ्यात जेवणाच्या टेबलाशेजारी कंप्यूटर आला, आणि कंप्यूटरबरोबर मी. डॉक्टर दिल्लीतच राहिले. पहिल्याच महिन्यात सूर्यकांतराव बसमधून उतरताना धडपडले, तेव्हा सुधन्वा म्हणाला, "बाबा, आता बस-बिस बंद. डोळे तपासायला मी गाडीनं नेईन. बिल्कुल एकट्यानं जायचं नाही."

सूर्यकांतरावांना ते फार बरं वाटलं. त्या दुपारी त्यांनी माझ्यात नवी नोंद केली: 'विषय: डोळे तपासणी. सुधन्वाने सोबत न्यावे.' दर तीन महिन्यांनी, दहा तारखेला. आधी चार दिवस रोज संध्याकाळी साडेसहाला घंटा, आणि 'झाले' म्हणेपर्यंत दर दहा मिनिटांनी पुन्हा.

फेब्रुवारीची तारीख पाळली गेली. मेची तीन आठवडे पुढे ढकलली गेली. 'नंतर आठवण करा' असं एक बटण माझ्या खिडकीवर आहे. लोकांना ते फार आवडतं. पण सुधन्वा निदान तेव्हा मला पाहत तरी होता.

मग आला ऑगस्ट, साल दोन हजार. सात तारखेचा सोमवार. दर सोमवारी साडेसहाला सुधन्वाचा अमेरिकेशी फोन असे. तिकडं सकाळ होत असे. त्याचीही आठवण मीच करून द्यायचो. त्या दिवशी फोन नुकताच जोडला गेला होता आणि बाबांच्या नोंदीची घंटा झाली. त्यानं खिडकी मिटली. दहा मिनिटांनी मी पुन्हा वाजलो. तिसऱ्यांदा वाजलो तेव्हा पलीकडच्या माणसानं काहीतरी विचारलं, आणि सुधन्वा ओशाळून हसला. "सॉरी, सॉरी," म्हणत त्यानं ती नोंद उघडली. प्रत्येक नोंदीखाली दोन खुणा असतात, आवाजाची आणि खिडकीची. त्यानं दोन्ही काढून टाकल्या. हेमलताबाई चहा घेऊन दारातच उभ्या होत्या. फोन संपल्यावर खुणा परत करू, असं त्याच्या मनात असेलही. फोन लांबला. मग जेवण झालं.

तेव्हापासून ती नोंद माझ्या पोटात गप्प राहिली. तारीख यायची, मला कळायची, आणि मला तोंड उघडता यायचं नाही. सोमवारच्या फोनची घंटा मात्र मी दर आठवड्याला वाजवत होतो, वाढदिवसांची, गॅसचीही. आणि सूर्यकांतराव हॉलमधल्या पलंगावर बसून ती ऐकत होते.

हेच मला सांगायचं आहे. ते वाट पाहत होते. सुधन्वाला रोज आठला निघताना, थकून परत येताना ते बघत होते. मुलाच्या घरी राहायचं तर मुलाच्या मागे लागायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. एकदा हेमलताबाईंनी विचारलंही होतं, "अहो, डोळ्यांची तारीख होऊन गेली का हो?"

"पी.ए.ला सांगून ठेवलंय मी. तो सांगेल सुधन्वाला. सारखं सारखं आपण कशाला म्हणायचं? कामात असतो तो."

"वाजलं नाही वाटतं?"

"वाजतं की दर सोमवारी. डॉक्टरांनीच पुढची तारीख दिली असेल, सुधन्वानं बदलली असेल." थेंब ते रोज नेमानं घालत होते, त्यामुळं त्यांना धास्ती वाटत नव्हती.

नोव्हेंबर गेला, फेब्रुवारी गेला, मे गेला. ताटाच्या डाव्या कडेची चटणी-कोशिंबीर तशीच राहू लागली. हेमलताबाईंना वाटलं, चव आवडत नाही. त्या एकदा रागावल्यासुद्धा. कोपरानं पाण्याचा पेला दोनदा सांडला. "चष्म्याचा नंबर वाढला बहुतेक," सूर्यकांतराव म्हणाले. माझ्यात नोंदी करायला बसले की अक्षरं शोधायला त्यांना पूर्वीपेक्षा वेळ लागे. हळूहळू ते बसेनासे झाले. मला वाटलं, माझा कंटाळा आला.

दोन हजार एकचे गणपती बसले. दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर मराठी मंडळींचा कार्यक्रम होता, तिथल्या पायऱ्या उतरताना सूर्यकांतराव पडले. मनगट मोडलं. पायरी दिसलीच नाही, एवढंच ते म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी सुधन्वा रजा टाकून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. हेमलताबाईही बरोबर गेल्या.

दुपारी तिघं परत आले. कुणी चप्पलही नीट काढली नाही. डावा डोळा गेला होता. उजव्याची नजर नळीतून बघावं तेवढी उरली होती.

"डॉक्टर मला विचारत होते," सूर्यकांतराव म्हणाले, "इतने दिन कहाँ थे आप लोग? काय सांगणार मी त्यांना?"

सुधन्वा माझ्यासमोर येऊन बसला. त्यानं मला उघडलं. एकाखाली एक पाच नोंदी, पाचही लाल. ऑगस्ट, नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट. शेजारी घंटेचं चित्र, त्यावर काट. तो एकेक तारीख वाचत खाली गेला. मला वाटलं, आता तो वळेल आणि सांगेल.

"बाबा," तो पडद्याकडेच बघत म्हणाला, "हा प्रोग्राम बिघडला होता. व्हायरस आला असणार. घंटाच बंद पडली होती याची."

सूर्यकांतराव पलंगाच्या कडेवर बसले होते, प्लॅस्टर घातलेला हात मांडीवर.

"असेल," ते म्हणाले. मग पुन्हा, "असेल, असेल. मशीनच ते." हेमलताबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या.

मला जर बोलता आलं असतं! मी बिघडलो नव्हतो. एकही तारीख विसरलो नव्हतो. पण मला एवढंच दुखलं असं नाही. दर सोमवारी माझी घंटा ऐकणाऱ्या सूर्यकांतरावांना ते कळलं होतं, आणि कळूनही ते 'असेल' म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी सुधन्वा ऑफिसला गेल्यावर ते हॉलमध्ये बसले होते. "सोमवारी घंटा वाजायची ना गं?" त्यांनी विचारलं.

हेमलताबाईंनी हातातलं फडकं टेबलावर ठेवलं. "वाजायची."

"मग बंद कशी पडली होती?"

"त्यानं काहीतरी बंद केलं होतं. मी चहा घेऊन आले होते तेव्हा पाहिलं मी." "मला वाटलं, त्याच्या ऑफिसचं असेल. मला काय कळतंय त्यातलं! आज येऊ दे त्याला. विचारते मी."

"नको."

"का नको? डोळा गेला तुमचा!"

"विचारल्यावर सांगणं निराळं. आपणहून सांगू दे." मग ते म्हणाले, "आणि मला तरी तोंड नव्हतं का? एकदा म्हणालो असतो, चल म्हणून."

डॉक्टरांकडून आले त्या रात्रीच सुधन्वानं माझ्या खुणा परत केल्या होत्या. पहिल्यांदा घंटा झाली तेव्हा तो घाईनं म्हणाला, "दुरुस्त केला, बाबा." सूर्यकांतराव "अच्छा" म्हणाले. त्यानंतर दीड वर्ष एकही तारीख चुकली नाही. सुधन्वा रजा टाकायचा, गाडी दारापर्यंत आणायचा, जिन्यावर हात धरायचा. हात धरून तिघंही ते तीन मजले उतरायची, आणि ती न बोललेली गोष्ट तिघांच्या मध्ये असायची. जेवताना बोलणी व्हायची ती भाजीची आणि पाण्याच्या टँकरची. पूर्वी बाप-लेक क्रिकेटवरून भांडायचे, ते बंद झालं. मी घंटा वाजवली की घर दचकायचं. माझ्याच आवाजाचं मला भय वाटू लागलं.

गेल्या महिन्यात सुधन्वाला कंपनीनं लॅपटॉप दिला. हा कंप्यूटर आता अट्टा मार्केटमधला एक दुरुस्तीवाला नेणार आहे, सुटे भाग काढायला. काल रविवार होता. सुधन्वा माझ्यातल्या तारखा कागदावर उतरवून घ्यायला बसला. सूर्यकांतराव भिंतीला हात लावत आले आणि शेजारच्या खुर्चीवर बसले.

"काय चाललंय?"

"तारखा उतरवतोय, बाबा. जुन्या, नव्या, सगळ्या."

"माझ्या आल्या त्यात?"

सुधन्वाचं पेन थांबलं. त्या पाच लाल नोंदी त्याच्या समोर होत्या. त्यानं त्या कधीच पुसल्या नव्हत्या, आणि 'झाले' अशी खूणही केली नव्हती.

"बाबा, हा बिघडला नव्हता," तो म्हणाला. "मी बंद केलं होतं. फोनमध्ये सारखं वाजत होतं म्हणून. नंतर विसरलो. मग तुम्हाला खोटं सांगितलं."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून."

सुधन्वानं पेन खाली ठेवलं. "मग बोलला का नाहीत? दीड वर्ष!"

"तू कधी सांगतोस ते बघत होतो. माझी खोडच ती. वाट बघत बसायचं."

"बाबा, माफ..."

"ते आत्ता म्हणू नकोस," सूर्यकांतराव शांतपणे म्हणाले. "मी हो म्हटलं तर ते खरं नसेल. वेळ लागेल मला. डोळा होता तो."

सुधन्वा ओणवा होऊन, चेहरा हातांत धरून रडला. सूर्यकांतरावांनी त्याला थांबवलं नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेले, तो खुर्चीच्या पाठीवर पडला. त्यांनी तो तिथून उचलून नीट ठेवला. हेमलताबाई दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या नाहीत, परतही गेल्या नाहीत.

बऱ्याच वेळानं सूर्यकांतरावांनी विचारलं, "पुढची तपासणी कधी आहे?"

"बारा मार्चला. डॉक्टरांनी या वेळी नवी तारीख दिलीय. नव्या लॅपटॉपमध्ये घालतो..."

"नको घालूस त्यात. मला सांग तोंडानं. आदल्या दिवशी मी तुला सांगीन. विसरलो तर तू मला सांग."

"बारा मार्च, बाबा."

"बारा मार्च," ते म्हणाले. "बुधवार येतो बहुतेक."

आज सोमवार. दुरुस्तीवाला चार वाजता येणार आहे. वायरी मोकळ्या केल्या की मी आणखी कुठं जाणार नाही, हे मला कळतं. जाता जाता हात जोडून एवढंच सांगतो: माझ्यासारखे पुष्कळ येतील, माझ्यापेक्षा हुशार असतील, त्यांना कामं सांगा, गॅस सांगा, बिलं सांगा. पण म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायचं असेल तर त्याच्याशी बोला. आम्हाला गप्प करणं फार सोपं असतं, आणि आम्ही गप्प झालो हे पलंगावर बसलेल्या माणसाला कळत नाही.

काल सुधन्वानं कागद घडी करून खिशात ठेवला आणि माझ्यातल्या सगळ्या नोंदी पुसल्या. त्या पाचही. आता माझ्याजवळ एकही तारीख नाही. बारा मार्चची तर मला कुणी दिलीच नव्हती.