ताईच्या आवाजाचा विमा

मित्रांनो, जन्मभर मी दुसऱ्यांचे ऐकत आलो. आज थोडे माझे ऐका. मी रेडिओ केंद्रावरचा एक जुना माईक आहे. अंगाने जाडजूड, रंगाने राखाडी आणि तोंडावर बारीक जाळी.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे लांब टेबलापाशी बसलेल्या बायका भिंगातून बघत केसाहून बारीक तारा जोडत. मी तयार झालो तेव्हा त्यांतल्या एकीने मला तोंडाजवळ धरून विचारले, "काय रे, ऐकू येतं का?" मी ऐकलेले ते पहिले वाक्य. पलीकडच्या माणसाने मान डोलावली आणि मी पास झालो. एकही धडा न वाचता पास होणारा मीच!

तिथून मी रेडिओ केंद्रावर आलो. काय त्या खोलीचा थाट! भिंतींना भोकाभोकांच्या फळ्या, जाड दार आणि दारावर लाल दिवा. दिवा लागला की बाहेरचा शिपाईसुद्धा चपला हातात घेऊन चाले. केंद्रातली यंत्रे सांभाळणाऱ्या गृहस्थांच्या गळ्यात सदा तारेची वेटोळी असत, म्हणून सगळे त्यांना तारकाका म्हणत. लहान मुलाचे नाक पुसावे तसे ते रोज सकाळी मऊ फडक्याने माझे तोंड पुसत.

आणि माझ्यासमोर बसे ती ताई. ती दुपारी मुलांना गोष्टी सांगे. वाघ आला की ती खुर्चीत ताठ होई. ससा आला की माझ्या इतकी जवळ येई की तिचा श्वास माझ्या जाळीला लागे. कुणी तिची स्तुती केली तर ती म्हणे, "अहो, सगळं श्रेय या राखाडी साहेबांचं." मी मनातल्या मनात फुगून जाई.

त्या दिवसांत ताईला कशाचीच चिंता नव्हती. घसा बसला तर ती घरी बसे आणि दुसरी निवेदिका तिची वेळ सांभाळी. पगार चुकत नसे. औषधपाण्याचे केंद्र बघे. विमासुद्धा केंद्रानेच उतरवला होता. तो कशाकशाचा आहे, हे ताईने कधी विचारलेही नव्हते. छत्री दुसऱ्याने धरली असली की आभाळाकडे कोण बघतो?

पण दिवस सारखे नसतात. लोक आपापल्या फोनवर ऐकू लागले. केंद्रातल्या खोल्यांना एकामागून एक कुलपे लागली आणि एके दिवशी ताईचीही नोकरी गेली. मला भंगाराच्या पेटीत टाकले, तेव्हा माझ्या जाळीला पोचा पडला. इतकी वर्षे ज्यांचे ऐकले, त्यांतले कुणी वळूनही बघेना. शेवटी तारकाकांनी मला उचलले, रीतसर पावती करून विकत घेतले आणि ताईच्या हातात दिले. "घेऊन जा याला. इथे कुजेल."

ताईच्या घरी दोनच खोल्या होत्या. एका खोलीत ताईची आई शिवणकाम करी. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून ताईने कपड्यांचे मोठे कपाट रिकामे केले, आतून रजया टांगल्या आणि मधोमध मला उभे केले. ते आमचे नवे केंद्र. ताई आत शिरून दार ओढून घेई.

आई डोक्याला हात लावी. "लोक कपाटात कपडे ठेवतात. माझी लेक स्वतःलाच ठेवते!"

आता काम मिळेल तेवढे आपले. कधी जाहिरात, कधी पुस्तकाचे वाचन, कधी लिफ्टमधले "दरवाजा बंद होत आहे". एका महिन्यात श्वास घ्यायला फुरसत नसे, तर पुढच्या महिन्यात फोन मुका. कधी तुपाशी, कधी उपाशी. तरी ताई खूश होती. कामाची वेळ तिची होती आणि आईजवळ राहता येत होते.

एके दिवशी तारकाका आले. तेही आता घरोघरी यंत्रे दुरुस्त करत. त्यांचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. शिडीवरून पडले होते.

"काका, हे काय!" ताई म्हणाली.

"नोकरीत असतो तर हात मोडला असता, एवढंच," काका म्हणाले. "आता हाताबरोबर चूलही मोडली. पोरी, माझं राहिलं ते राहिलं. तू तुझा विमा बघ. आता आपली छत्री आपणच धरायची आहे."

आईला ते पटले नाही. "न आलेल्या दुखण्याला आत्तापासून पैसे कशाला चारायचे?" ती पुटपुटली. पण ताईच्या मनाने घेतले.

पहिल्यांदा आले ते एक टायवाले साहेब. त्यांच्याकडची योजना जाडजूड होती. आग, चोरी, परदेशप्रवास, सगळे तिच्यात होते.

"आणि माझा आवाज गेला तर?" ताईने विचारले.

साहेब हसले. "बाई, आवाज कुठे जातोय? हात, पाय, डोळे, सगळ्यांची सोय आहे यात."

"माझे हातपाय बोलत नाहीत हो, साहेब."

शिवाय हप्ता दर महिन्याला तेवढाच, आणि तोही भला मोठा. एक चुकला की सगळे मुसळ केरात. साहेब गेल्यावर आई म्हणाली, "हत्ती घेण्याआधी आपलं दार बघावं माणसानं."

मग काखेत हेल्मेट धरून एक विमावाल्या बाई आल्या. त्यांनी पिशवी उघडलीच नाही. आधी विचारले, "तुमचं वर्ष कसं जातं ते सांगा. काम कधी असतं, कधी नसतं? आणि नेमकं काय बिघडलं तर तुमचं पोट अडेल?"

ताई बोलत गेली आणि बाई एकेक गोष्ट बाजूला काढत गेल्या. "परदेशप्रवास नको. चोरीचाही नको. चोरानं न्यावं असं घरात काय आहे?"

"मी आहे की!" शिवणयंत्रामागून आई म्हणाली.

बाई हसल्या. मग त्यांनी आवाजावर जगणाऱ्यांसाठी असलेली एक योजना सांगितली. डॉक्टरांनी बोलायला बंदी केली, तर बरे होईपर्यंत दरमहा कमाईतला काही भाग मिळणार. कामाची मंदी असेल तेव्हा हप्ता कमी करता येणार, काम आले की वाढवता येणार.

"पण दोन गोष्टी आत्ताच ऐका," बाई म्हणाल्या. "पहिले काही आठवडे काहीच मिळत नाही. तेवढ्यापुरती शिल्लक जवळ ठेवा. आणि हप्ता कमी केलात तर मदतही कमी मिळेल. मग माझ्या नावानं खडे फोडू नका. घशाचं आधीचं काही दुखणं असेल तर तेही आत्ताच सांगा."

ताईने सगळे खरेखुरे सांगितले आणि तो विमा घेतला.

पुढच्याच वर्षी कामाने मोठी ओढ दिली. ताईने वैतागून बाईंना फोन केला. "बंदच करते मी विमा."

"बंद करू नका, बारीक करा," बाई म्हणाल्या. ताईने हप्ता कमी केला.

मग एका जाडजूड पुस्तकाचे काम आले. ताई हरखली. कपाटात बसून भराभर वाचू लागली. मित्रांनो, तिच्या आवाजातला एक धागा उसवतो आहे, हे सर्वांआधी मला कळले. एखाद्या अक्षराला तो किंचित फाटे. पण ऐकणे माझ्या हाती होते, सांगणे नव्हते. ताई कोमट पाणी पिऊन पुन्हा वाची. एके सकाळी तिने तोंड उघडले आणि नुसती हवा आली.

डॉक्टरांनी सांगितले, स्वरतंतूंवर गाठ आहे. छोटी शस्त्रक्रिया आणि मग पूर्ण मौन. कुजबुजसुद्धा नाही. कामाला लागायला काही महिने जातील. उतावीळपणा केलात तर आवाज कायमचा जाईल.

घर एकदम शांत झाले. पहिल्या आठवड्यांत शिल्लक संपत आली. मी कपाटाच्या अंधारात उभा होतो, अंगावर कापड, कापडावर धूळ. ती लाल दिव्याची खोली मला फार आठवे. वाटे, संपले आपले दिवस.

एका दुपारी फोन वाजला. ताईचे फोन आता आई घेई. एका मोठ्या कंपनीची जाहिरात होती. "दोनच वाक्यं आहेत. आजच हवीत. पैसे दुप्पट देऊ."

आईने फोनवर हात ठेवला. "काय सांगू?"

ताई उठली. तिने कपाटाचे दार उघडले, माझ्यावरचे कापड काढले. किती दिवसांनी तिचा चेहरा दिसला! तिचे बोट माझ्या बटणावर होते. दोन वाक्ये! कुणालाही मोह झाला असता. मला बोलता आले असते तर मी ओरडलो असतो, "नको, ताई!"

पण त्याच आठवड्यात विम्याचा पहिला पैसा आला होता. हप्ता कमी केल्यामुळे तोही कमीच होता. पण घरभाडे आणि दोन वेळचे जेवण त्यात भागत होते. ताई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने बटणावरून बोट काढले आणि मानेने नाही म्हटले.

आईने फोन कानाला लावला आणि ठसक्यात म्हणाली, "माझी मुलगी सध्या गप्प बसण्याचं काम करतेय. त्याचे पैसे मिळतात तिला!"

न आलेल्या दुखण्याला पैसे चारू नका म्हणणारी आई ती हीच! ताईला हसू फुटले. पण आवाज करून हसायलाही बंदी होती. ती तोंड दाबून, डोळ्यांत पाणी येईतो हसली.

काही महिन्यांनी ताई पुन्हा माझ्यासमोर बसली. आवाज परतला होता, पण तोच नव्हता. उंच, कोवळे सूर आता निघत नव्हते. खाली एक खरखर आली होती. मला वाईट वाटले, ताईला तर फारच. काही कामे कायमची गेली, काही नवी मिळाली. कामे येऊ लागताच तिने हप्ता पुन्हा वाढवला. आता दरवर्षी विमावाल्या बाई येतात आणि दोघी मिळून बघतात, काय बदलले, काय हवे, काय नको.

माझी जागा आता एका छोट्या, चुणचुणीत माईकने घेतली आहे. मी खिडकीजवळच्या फळीवर असतो. आई पदराने मला पुसते, तेवढे मला पुरते.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल. कुणी नोकरी कराल, कुणी आपल्या मर्जीने आज इथे, उद्या तिथे काम कराल. ज्याच्यावर तुमचे पोट चालते, तो हात असो, डोळे असोत की गळा, तो कुरकुरण्याआधीच त्याची काळजी घ्या. विमा अंगाच्या मापाचा घ्या. ढगळ नको, आखूडही नको. अंग बदलले की मापही बदला. आणि आमच्यासारख्या जुन्या सोबत्यांना अडगळीत टाकू नका.

संध्याकाळी काम संपले की ताई आईला पुस्तक वाचून दाखवते. मी फळीवरून ऐकतो. घसा जरा दुखू लागला की ताई वाक्य अर्धेच सोडून पुस्तक मिटते.

"अगं, पुढे काय झालं?" आई चिडते.

ताई ओठांवर बोट ठेवते आणि हसते. मग आई आणि मी, दोघेही मुकाट्याने उद्याची वाट बघतो.